पांघरलेलं कातडं

बुधवारी दुपारी माळावरच्या सगळ्यांचे फोन एकाच वेळी वाजले. हे कुणीतरी केलंय, असं मला त्याच क्षणी वाटलं. ते आपोआप झालं असेल, हा विचार मनात एकदाही आला नाही.

फोनवर लाल रंगात तीनच ओळी होत्या. तुम्ही लाल वर्तुळात आहात. जनावरे हलवू नका, माणसांनीही वर्तुळ सोडू नये. शुक्रवारी दुपारी बारा वाजता कार्यवाही होईल.

मी बोट फिरवून त्या ओळी दोनदा वाचल्या. 'कार्यवाही' या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. ढवळाईच्या माळावर आमच्या धनगरांचे अकरा तळ उतरले होते. चौदाशेच्या आसपास मेंढरं असतील, त्यातली माझी ब्याण्णव. शुक्रवारी दुपारी ती सगळी मरणार होती.

शेजारच्या तळावरचे तातोबा गडदे काठी टेकत आले. आमचं नातं नाही, पण तीस वर्षं एका वाटेनं चरायला जातो.

"हौसाबाई, तुजी मेंढरं खोकत्यात काय?"

"तुमची खोकत्यात काय?"

"माज्या कळपात मी तेवढा खोकतो," तातोबा म्हणाले. "मला न्यायचं आसंल तर न्या म्हणावं. मेंढरं ऱ्हाऊ द्या."

आम्ही दोघंही हसलो. पण हसता हसता त्यांची नजर माझ्या मेंढरांच्या नाकांवरून फिरत होती, आणि माझी त्यांच्या.

हा कायदा का झाला ते सांगते, नाहीतर आमच्यावर जुलूम झाला एवढंच वाटेल. नऊ वर्षांपूर्वी सडधाप आली. मेंढीची फुफ्फुसं आतून सडायची, आणि तिच्या श्वासातून ती माणसाला लागायची. कळपवाल्यांनी लपवली. साहेबांनी वरच्या साहेबांना विचारलं, त्यांनी आणखी वरच्यांना. कागद फिरत राहिला तोवर रोग तीन जिल्ह्यांत पसरला. माणसं गेली. आमच्या भावकीतली चार गेली.

म्हणून नवा कायदा असा केला की कुणी कुणाला विचारायचंच नाही. प्रत्येक कोकराच्या शेपटीच्या बुडाशी, कातडीखाली, तांदळाएवढा दाणा टोचायचा. शेपटीलाच का, तर तिथं लोकर विरळ. दाण्याला दोन गोष्टी कळतात, ऊब आणि वास. सडधाप झालेल्या जनावराच्या रक्तात सडण्याचा वायू उतरतो आणि कातडीतून झिरपतो. माणसाच्या नाकाला तो आठ दिवसांनी येतो, दाण्याला पहिल्याच दिवशी. दाण्याला चार्जिंग लागत नाही, जनावराच्या अंगच्या उबेवरच तो चालतो. जनावर मेलं आणि गार पडलं की दाणा 'मृत' असा शेवटचा निरोप पाठवून झोपतो.

एखाद्या जिवंत जनावरात सडका वास सलग दोन दिवस सापडला की मुंबईतलं यंत्र स्वतःच वर्तुळ आखतं. रक्त तपासून उत्तर यायला चार दिवस लागतात, आणि चार दिवसांत रोग डोंगर ओलांडतो. म्हणून तपासणीची वाट बघत नाहीत. वर्तुळ पडलं की ते कलेक्टरला थांबवता येत नाही, मंत्र्यालाही नाही. गेल्या वेळी थांबवणाऱ्यांनीच घात केला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात एकच नाव फिरत होतं. नवनाथ.

नवनाथ माझ्या नणंदेचा मुलगा, आणि माझा जावईही. आमच्या माळाचा पशुप्रहरी तोच. दाणे टोचायचे, हातातल्या यंत्रानं नंबर वाचायचे, वर कळवायचे, ही त्याची नोकरी. दिवाळीत आमचं वाजलं होतं. तो म्हणाला, "मामी, आता मेंढरं सोडा, आमच्याकडं येऊन राहा." मी म्हणाले, "सरकारचा पट्टा तुज्या गळ्यात हाय, माज्या गळ्यात कशाला घालतोस?" तेव्हापासून तो माझ्या तळावर पाणीसुद्धा पीत नव्हता. आणि ह्याच सोमवारी मात्र सगळ्यांच्या आधी माझ्याकडे येऊन नंबर वाचून गेला होता.

गुरुवारी सकाळी पांढऱ्या गाड्या आल्या. सडकेच्या कडेला तंबू पडला. डॉक्टर परवीन मुजावर नावाच्या बाई तळावर आल्या, मागे नवनाथ. बाई चाळिशीच्या, अंगावर पांढरा झगा, तोंडाला जाळी. आवाज मऊ होता, पण शब्द मोजून टाकायच्या.

"हौसाबाई, पहिलं जनावर तुमचं आहे. नंबर तीनशे सतरा. मोरी मेंढीचं कोकरू. कुठंय?"

"ते सोमवारीच मेलं की."

बाईंनी हातातल्या पाटीकडे पाहिलं. "नाही. काल संध्याकाळी सहापर्यंत ते जिवंत होतं. हिंडत होतं, दूध पीत होतं. दाण्याला सोमवारी दुपारपासूनच सडका वास येत होता."

"बाई, मी माज्या हातानं उचललं ते. सोमवारी पहाटं. मेंढरांच्या पायाखाली आलं."

"मग पुरलंत कुठे?"

मी ओढ्याकडे नजर वळवली. पुरलं नव्हतं. चुना टाकून पुरायचं असा नियम आहे, पण माळाला फूटभर खाली कातळ लागतो. मी ओढ्यात टाकलं होतं आणि कोल्ह्यांनी नेलं होतं.

"म्हणजे प्रेत नाही," बाई म्हणाल्या. "आजारी कोकरू बुधवारी मेलं, तुम्ही लपवलं, आणि मला सोमवार सांगताय. असंच दिसतंय. हे खोटं ठरवायचं तर डोळ्यांनी दिसेल असा पुरावा लागेल, उद्या बाराच्या आत. पुरावा पटला तर वर्तुळ आपोआप मिटतं. तेवढी एकच वाट कायद्यात आहे."

"आन् न्हाई पटला तर?"

"तर सगळी. तुम्हा सगळ्यांना भरपाई मिळेल." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला मी दुष्ट वाटत असेन. मागच्या साथीत माझे वडील गेले. त्यांच्या गावची फाइल तीन दिवस एका टेबलावर पडून होती."

बाईंचा मला राग येईना. राग यायला कुणीतरी हवं होतं, आणि नवनाथ तिथंच खाली मान घालून उभा होता.

बाई गेल्यावर मी त्याला हाक मारली. तोवर तातोबा आणि आणखी दोन तळांवरचे गडी येऊन बसले होते.

"मेलेलं कोकरू दोन दिस हिंडत व्हतं म्हनं," मी म्हणाले. "ह्या माळावर मेलेलं हिंडवणारं यंत्र एकाच्याच हातात हाय."

"मामी, माझ्या यंत्रानं फक्त वाचता येतं. लिहिता येत नाही."

"कुनाला ठाव! आमाला काय कळतंय त्यातलं?"

तातोबांनी तोंडातलं पान थुंकलं. "ह्या माळावर उन्हाच्या विजेच्या पाट्या टाकायच्यात म्हनून कंपनीची मान्सं तीनदा मोजून गेली. मेंढरं गेली की माळ मोकळा. नवनाथा, तुला काय दिलं रं त्येंनी? एक पाटी घरावर बसवून?"

"तात्या, माझं घर पत्र्याचं आहे. पाटी बसवली तर पत्रा खाली येईल."

कुणी हसलं नाही. मी घोंगडीच्या घडीतून भंडाऱ्याची पिशवी काढली. आमच्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोलत नाहीत. बोललं तर वंश बुडतो असं मानतात, आणि नवनाथच्या घरी माझी लेक सारिका सहा महिन्यांची गरोदर होती. हे मला माहीत होतं. तरी मी पिशवी त्याच्यापुढे धरली.

तो पांढरा पडला. मग मूठभर भंडारा उचलून त्यानं कपाळाला लावला. "बिरोबाची आण. मी काही बदललं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही."

"आता तरी पटलं का?" तातोबांनी मला विचारलं.

पटलं नव्हतं. शिकलेल्या पोरांना भंडाऱ्याची भीती कुठली, असं मी मनात म्हणाले. अर्ध्या तासात सारिकाचा फोन आला. "आई, तू माझ्या नवऱ्याला चार माणसांत भंडारा उचलायला लावलास? पोटातल्याची आण घ्यायला लावलीस?" मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

दुपार चढली. मेंढरं जाळीत कोंडलेली, पाण्याविना ओरडत होती. मी मोरीपाशी जाऊन बसले. तिच्या कासेला एक कोकरू लागलं होतं, शेपूट हलवत पीत होतं. ते तिचं नव्हतं. त्याची आई भुरी रविवारी रात्री साप चावून गेली होती. ते पीत असताना मोरी त्याच्या शेपटीकडे मान वळवत होती, हुंगत होती आणि परत रवंथ करत होती.

मेंढी परक्या पोराला पाजत नाही. ती नाकानं पोर ओळखते, तेही शेपटीपाशी. म्हणून मेंढीचं पोर मेलं आणि दुसरं कुणाचं पोरकं झालं, की मेलेल्याचं कातडं ऊन असतानाच सोलायचं, शेपटीसकट, आणि पायांना चार भोकं पाडून पोरक्याच्या अंगात घालायचं. मेंढी हुंगते, आपलंच आहे समजते आणि पाजते. तोवर तिचं दूध ह्या पोराच्या अंगात मुरतं, त्याच्या लेंड्यांना तिचाच वास येतो. मग तिसऱ्या संध्याकाळी कातडं काढून टाकायचं. मला हे माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं. आम्ही ते इतक्यांदा करतो की ती सांगायची गोष्ट वाटत नाही. चूल पेटवली हे कुणी साहेबाला सांगतं का?

मोरीनं पुन्हा शेपूट हुंगलं, आणि मी उठून उभी राहिले.

सोमवारी पहाटे सोललेलं कातडं, शेपटीच्या बुडाशी दाणा. गार पडायच्या आत मी ते दुसऱ्याच्या उबदार अंगावर चढवलं. ऊब एकाची होती आणि वास दुसऱ्याचा. कातडं उन्हात सडत गेलं आणि खालचं कोकरू उड्या मारत राहिलं. दाण्याला वाटलं, हे जिवंत जनावर आतून सडतंय. बुधवारी संध्याकाळी, हातातली कामं उरकली तेव्हा सहा वाजले असतील, मी कातडं काढून बाभळीच्या काट्यांच्या कुपावर फेकलं. ते गार पडलं आणि दाणा म्हणाला, मृत.

मोरीला फसवायला मी जे केलं, त्यानं मुंबईचं यंत्रही फसलं होतं.

मी कुपाकडे धावले. कातडं नव्हतं. काट्याला लोकरीचे चार धागे तेवढे अडकले होते.

कुत्र्यानं नेलं म्हणावं तर खाली ओढल्याची खूण नव्हती. कुणीतरी उचलून नेलं होतं. मी मागं वळले तर ओढ्याच्या काठाला, करवंदीच्या जाळीआड नवनाथ एकटाच बसलेला दिसला. सरकारी पिशवी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर.

म्हणजे मी बरोबरच होते. एवढा एक पुरावा, आणि तो ह्यानं पळवला. मी तशीच त्याच्या अंगावर गेले.

"पिशवी उघड."

"मामी, जा तुम्ही."

"उघड म्हनते!"

मी पिशवी हिसकली. आत ते कातडं होतं, ताठरलेलं, घाण वास मारणारं, शेपटीसकट.

"यासाटी भंडारा उचललास?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही हाकलल्यावर कुपाच्या कडेनं निघालो. हातातलं यंत्र वाजलं. झोपलेला दाणासुद्धा जवळ गेलं की नंबर सांगतो. तीनशे सतरा. कातड्याला पाडलेली भोकं बघितली आणि कळलं. माझ्या आईनंही घातलंय की कोकरांना."

"मग पळत बाईंकडं का न्हाई गेलास?"

"दोन तास झाले, इथंच बसलोय." त्यानं मान वर केली. "एका जनावराचा दाणा दुसऱ्याच्या अंगावर जाणं हा गुन्हा आहे, मामी. कायद्यात चुकून असा शब्दच नाही. मागं लोक आजारी मेंढीचा दाणा काढून धडधाकट मेंढीला लावायचे, म्हणून तसं लिहिलंय. सात वर्षं परवाना बंद. कळप काढून घेतात. तुमची मेंढरं जगतील, पण तुमच्याकडं राहणार नाहीत. गप्प बसलात तर भरपाई मिळेल, नवी मेंढरं घेता येतील. पण सगळा माळ मरेल. हे दिलं तर मी तुमचा घात केला. नाही दिलं तर सगळ्यांचा. दिवाळीत तुम्ही म्हणालात ना, सरकारचा पट्टा गळ्यात. काय करू सांगा."

मी त्याच्याशेजारी बसले. सहासष्ट वर्षांची मी. सात वर्षांनी त्र्याहत्तरची. त्या वयात कुणी परवाना देत नाही. म्हणजे ज्या सोमवारी मी मोरीला पोर दिलं, तोच माझा मेंढरांतला शेवटचा सोमवार.

"तू यात न्हाईस. पुरावा दडवला म्हनून तुजी नोकरी जाईल," मी म्हणाले. "पिशवी रिकामी कर आन् जा. चेहरा धू आदी."

मी कातडं पदराखाली धरून तंबूत गेले. बाईंच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं, सासूपासून. बाईंनी हातमोजे घातले, कातडं उलटं केलं, भोकं पाहिली, शेपटी चाचपली. यंत्रानं नंबर सांगितला. पण त्यांचा चेहरा सैल पडला नाही.

"उद्या मेंढरं मरणार म्हटल्यावर मीही अशी गोष्ट रचली असती," त्या म्हणाल्या. "भोकं आज पाडलेली नाहीत कशावरून?"

"चला माज्यासंगं."

तळावर येऊन मी मोरीचं कोकरू उचललं आणि बाईंच्या नाकाशी धरलं. तोंडावरची जाळी न काढताही त्यांनी मान मागे घेतली. त्याच्या लोकरीत तो वास अजून मुरलेला होता. छातीवर, ढोपरांवर, जिथं कातड्याची भोकं घासत होती तिथं, लोकर झडून चार गोल खुणा झाल्या होत्या. तीन दिवसांच्या घासण्यानं होतात तशा, एका दुपारी होत नाहीत. बाईंनी कातडं त्याच्या अंगाशी लावून पाहिलं. चार भोकं चार खुणांवर बसली. मग त्यांनी कोकराचा ताप पाहिला, छातीला नळी लावून खूप वेळ ऐकलं.

"हे तर ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बाईमाणसासारखा वाटला. "हौसाबाई, हे लिहून दिलंत की काय होईल, माहीत आहे ना?"

"माहीत हाय."

"कुणी सांगितलं?"

मी नवनाथकडे पाहिलं नाही. तो गाडीपाशी उभा होता. "तुमचंच चोपडं वाचलंय मी," मी म्हणाले. अर्धं खरं होतं. त्या कलमापर्यंत मी पोचले नव्हते.

कबुली स्वतःच्या हातानं लिहायची असते. मला वेळ लागला. सोमवारी पहाटे, मोरी, भुरी, कातडं, शेपटी, बुधवारी संध्याकाळी. बाई शेजारी बसून एकेक ओळ वाचत होत्या. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं.

"कातडं काट्यांवर टाकलंत, म्हणता. आज कुठं सापडलं?"

नवनाथनं ऐकलं. तो दोन पावलं पुढे आला आणि त्यानं तोंड उघडलं. मी पेन टेकवला आणि तो बोलायच्या आत लिहून टाकलं, मोठ्यानं म्हणत म्हणत. "आज... दुपारी... मीच... कुपावरून... काढले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग नवनाथकडे, त्याच्या रिकाम्या पिशवीकडे. पिशवीच्या तळाला लोकरीचा एक मळका झुपका चिकटला होता. तो मलाही दिसला, त्यांनाही दिसला असणार.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं. "खाली सही करा."

सव्वासहा वाजता माळावरचे फोन पुन्हा एकदम वाजले. या वेळी हिरवं. तातोबा लांबूनच ओरडले, "हौसाबाई, कुनी केलं गं हे?" आणि मी म्हणाले, "आपोआप झालं."

दोन दिवसांनी कळप वाटला गेला. तीस तातोबांकडे, बाकीची तीन तळांवर. मोरी आणि ते कोकरू एकत्र द्या, एवढंच मी मागितलं, आणि तसं झालं. जाताना कोकरू मागं राहिलं तर मोरी थांबून ओरडली. ते पळत तिच्याकडे गेलं. तिनं हुंगलं आणि चालू लागली. अंगावर कातडं नव्हतं तरी.

आता मी नवनाथच्या पत्र्याच्या घरात राहते. सारिकाला मुलगी झाली. पहिल्या दिवशी तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली नाही, तिसऱ्या दिवशी ठेवली. त्या कागदाबद्दल नवनाथ आणि मी आजवर बोललो नाही. तो कामावरून येतो, पिशवी खुंटीला अडकवतो, आणि मी दिलेलं पाणी पितो.

नव्या नियमात म्हणे, आता मेंढपाळाच्या मनगटातही दाणा बसवणार आहेत. कळपाजवळ कोण, कधी, किती वेळ, सगळं कळावं म्हणून. बसवू देत. त्याला ऊब कळेल, वास कळेल. माझ्या कबुलीतली एक ओळ खोटी आहे, ती कुठल्या दाण्याला कळायची नाही.